उपवासाला वेगळी कढई, मग या पोरीला का नाही?

कात्रजचा बोगदा मागे पडला, खेड शिवापूर गेलं आणि शिवऱ्याजवळ आम्ही जेवायला थांबलो. रविवार, दुपारचा दीड. सोबत नऊ वर्षांची भाची. तिला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी आतड्याची मऊ लव झडते, मग कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. याला औषध नाही. आयुष्यभर पथ्य, एवढाच इलाज.

वेटरला विचारलं, "भाकरी निव्वळ ज्वारीची आहे ना? हिला गव्हाचं अजिबात चालत नाही."

"शंभर टक्के ज्वारी, ताई."

मला राहवलं नाही. उठून भटारखान्याच्या दारात उभी राहिले. शेगडीपाशी एक मावशी भाकऱ्या थापत होत्या. हात असा चालत होता की बघत राहावं. गोळा मळायचा, परातीत पीठ भुरभुरायचं, दोन्ही तळव्यांनी भाकरी फिरवत मोठी करायची. पण गोळा मळताना दर वेळी शेजारच्या वाटीतली एक चिमूट त्यात पडत होती.

"मावशी, वाटीत काय आहे?"

"कणीक. पीठ विरी गेलंय, कणीक नाही घातली तर भाकरी मोडती."

मावशी खोटं बोलल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. वेटर मात्र न विचारता, न बघता शंभर टक्के म्हणाला, आणि माझा राग त्या शंभर टक्क्यांवर आहे. "माहीत नाही, आत विचारून सांगतो" एवढं म्हणायला काय जातं?

चिमूटभर कणकेने काय होतंय, असं अगदी जवळचे नातेवाईकही विचारतात. हिशोब सरळ आहे. एका पोळीत साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. अशा रुग्णाने दिवसभरात 10 मिलिग्रॅमच्या आत राहावं, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे एका पोळीचे दोनशे तुकडे केले, तर त्यातला एक. चपातीचं उलथनं भाकरीला लावलं तरी तेवढं पीठ येऊ शकतं. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला टेबलावरच धाप लागते, सगळं हॉटेल धावतं. सीलिअ‍ॅकचं पोर बिल भरून, हात धुऊन, हसत गाडीत बसतं. रात्री तीनला पोटात कळ येते, ती हॉटेलवाल्याला कधीच दिसत नाही. कधी कधी कळही येत नाही, फक्त आतडं बिघडत जातं आणि पोराची उंची अडते. म्हणूनच "आमच्याकडे आजवर कुणाची तक्रार नाही" हे उत्तर मी मानत नाही.

आणि हे घडतं कुठे? भोर-वेल्ह्यात. खाली खाचरांत आंबेमोहोर आणि इंद्रायणी, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, भात. या मुलखाचं जुनं ताट गव्हावाचून भरत होतं. आज त्याच मुलखातल्या हमरस्त्यावर एका पोरीला बिनगव्हाचं ताट मिळायला अर्धा तास वकिली करावी लागते. गव्हावर जगणाऱ्या इटलीने 2005 मध्ये कायदा करून शाळा-रुग्णालयांच्या खानावळींत मागेल त्याला ग्लूटेनविरहित जेवण देणं बंधनकारक केलं. आपल्याला तर नवीन काही शोधायचंच नाही.

नियम आपल्याकडेही आहेत, पण अर्ध्या वाटेवर थांबलेले. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. केंद्रीय परवान्याच्या किंवा दहा वा त्याहून जास्त शाखांच्या हॉटेलांनी कशात कोणता अ‍ॅलर्जीचा घटक आहे ते सांगायचं आहे. रस्त्याकडेच्या एकट्या हॉटेलाला यातलं काही लागू नाही. तिथे भरवसा फक्त माणसाचा.

म्हणून विचारायचंही माणसाला कळेल असंच. "ग्लूटेन आहे का?" या प्रश्नाला नेहमी "नाही" हेच उत्तर मिळतं, कारण तो शब्दच ओळखीचा नसतो. विचारावं, भजी कोणत्या तेलात तळता? त्यात समोसा, पुरी पडते का? सुरमईला रवा लावता की तांदळाचं पीठ? ग्रेव्ही दाट कशाने करता? सोया सॉस घालता का? साध्या वरणावरही विसंबू नये, कारण फोडणीतला हिंग. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या भावजयीने घरातली डबी सिंकमध्ये रिकामी केली होती. तोवर वर्षभर ती पोरीला रोज तेच वरण भरवत होती.

गर्दीच्या आधी जावं. साडेबाराला आचारी ऐकून घेतो, दीडला नाही. आमची चूक तीच झाली होती.

तर मी त्या दारात उभी होते आणि समोरच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं होतं, 'उपवासाचे पदार्थ मिळतील'. मी मावशींना विचारलं, उपवासाचं कशात करता? त्यांनी कोपऱ्यातली एक छोटी कढई दाखवली, वर झाकण, आत तिचाच झारा. "ती येगळी. तिला कुणी हात लावत न्हाई. उपास मोडंल ना कुणाचा!"

मला हेच सगळ्या हॉटेलमालकांना सांगायचं आहे. वेगळी कढई ठेवायची कशी, ते तुम्हाला उत्तम येतं. एकादशीच्या गिऱ्हाइकाला तुम्ही "थोडा कांदा चालतो हो" म्हणत नाही. जैन म्हटलं की लसूण बाजूला होते. व्हेज-नॉनव्हेजची भांडी वेगळी असतात आणि त्यावरून चूक झाली तर तुम्ही स्वतः आचाऱ्याला झापता. श्रद्धेसाठी जे इतक्या कसोशीने पाळता, ते आजारासाठी पाळा. एक तवा, एक उलथनं, एक परात, झाकणाच्या डब्यात ठेवलेलं एक पीठ आणि तांदळाच्या पिठातला हिंग. खर्च एका रविवारच्या गल्ल्याच्या पासंगालाही पुरायचा नाही.

भाचीने त्या दिवशी त्या छोट्या कढईतली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दह्याबरोबर. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, जिरं, मिरची. हिंग नाही, पीठ नाही. मावशींनी आधी कोपरापर्यंत हात धुतले, पदराला न पुसता तसेच झटकले आणि मग कढई घेतली. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

निघताना त्या बाहेर आल्या. तांदळाचं पीठ आणलं तर चालेल का, विचारलं. मी म्हटलं, गिरणीत तुमच्या आधी कुणाचा गहू दळला असेल तर नाही. त्या क्षणभर थांबल्या.

"मग गिरणीचं नको. आमच्या घरी जातं हाय. नाचणीची लाल भाकरी खाती का पोरगी?"

"खाते," भाचीच म्हणाली. "तुम्ही कधी असता?"

"मंगळवार सोडून रोज."