किती देश केले?

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला भाईंदरजवळच्या आमच्या मुर्ध्यात एकच प्रश्न विचारतात: किती देश केले? काय पाहिलं, काय खाल्लं, गुडघे शाबूत आहेत का, ह्या चौकश्या नंतर. आधी आकडा. यात गावाला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण अष्टविनायकसुद्धा दोन दिवसांत 'करतो'. बसमधून उतरा, रांगेत लागा, 'चला चला' ऐकत हात जोडा, पुन्हा बसमध्ये बसा. घरी आल्यावर लेण्याद्रीच्या पायऱ्या तेवढ्या पोटऱ्यांच्या लक्षात राहतात; बाकी कुठला गणपती कुठे होता, हे फोटो बघूनही सांगता येत नाही. हाच हिशेब युरोपला लावला की बारा दिवसांत दहा देश सहज होतात. माझ्या नणंदबाई अशाच एका सहलीला गेल्या होत्या. ब्रुसेल्स कसं वाटलं म्हणून विचारलं, तर थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "तिथे पाऊस होता गं."

आमच्या घरी सहल कंपनीची गरज नव्हती, कारण आमचे हे स्वतःच एक सहल कंपनी आहेत. ह्यांचा उभा जन्म भाईंदर-चर्चगेट फास्टमध्ये गेला. मुर्ध्याहून उत्तन रोडची बस, स्टेशनवर धावत जिना, गाडी थांबायच्या आत आत, आणि उतरायचं स्टेशन यायच्या आधीच दारात. निवृत्त झाले तरी पाय निवृत्त झाले नाहीत. त्यामुळे युरोपचा पहिला आराखडा आखीव कागदावर तयार झाला तेव्हा त्यात गावांच्या नावांपुढे दिवस नव्हते, गाड्यांच्या वेळा होत्या. ॲमस्टरडॅम, ब्रुसेल्स, पॅरिस, लुसर्न, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, मग उडी मारून बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन. जवळजवळ प्रत्येक रात्र नव्या उशीवर. पॅरिसपुढे कंसात लिहिलं होतं, 'दुपारी आयफेल, संध्याकाळी मोकळे'.

मी तो कागद घेतला आणि एकच सवाल केला. हॉटेलवाले सकाळी अकराला खोली सोडायला लावतात आणि पुढच्या गावातली खोली दुपारी तीनच्या आत मिळत नाही. मग मधल्या वेळात बॅगा कोण सांभाळणार? त्याच्या आधी त्या भरणार कोण? ओले टॉवेल, धुवायचे कपडे, औषधांची पिशवी, चार्जर, चार्जरचा तिकडे चालणारा तो दोन तंगड्यांचा जोड? गाव बदलायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, हे घर बदललेल्या कुठल्याही बाईला कळतं. रोज गाव बदलायचं म्हणजे आपण युरोप नाही, युरोपातले जिने पाहणार.

यावर हे म्हणाले, "अगं, पुन्हा पुन्हा थोडंच जाणार आहोत?" थकवणाऱ्या सगळ्या सहली याच वाक्यातून निघतात.

मी पु. लं.चा आधार घेतला. पु. ल. आणि सुनीताबाई बीबीसीच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने विलायतेला गेले, तिथे मुक्काम ठोकून राहिले, म्हणून 'अपूर्वाई' झाली. रोज बॅग भरत बसले असते तर फार तर बॅगेवर विनोद झाले असते. "ते पु. ल. होते," हे म्हणाले. हेही खरंच.

शेवटी माझ्या मदतीला व्हिसा धावून आला. शेंगेनचा नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. सगळीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे आधी पाऊल पडेल तिथे. ह्यांच्या आराखड्यात इटली सोडली, तीही चार गावांत वाटलेली, तर कुठल्याच देशाला दुसऱ्यापेक्षा जास्त रात्री नव्हत्या. अर्ज भरून देणाऱ्या मुलाने कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "काका, तुम्ही नक्की राहणार कुठे आहात?" तो प्रश्न घरी आणून मी पुरवून पुरवून वापरला.

तह झाला तो असा. तीन रात्रींच्या आत कुठलंही गाव सोडायचं नाही. बॅग न उचलता सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत असेल तर जाण्याला हरकत नाही. प्रत्येक गावात एक दुपार दोघांनी वेगवेगळी घालवायची. गावं ठरली पाच: रोम, व्हेनिस, व्हिएन्ना, साल्झबर्ग, प्राग. ह्यांनी बर्लिनवर काट मारली तेव्हा पेन कागदाच्या पार गेलं.

सामानाची एक गंमत सांगायलाच हवी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मटणाचे पदार्थ नेता येत नाहीत. प्रवाशाच्या बॅगेबाबत नियम फार कडक आहे. मासे मात्र वीस किलोपर्यंत चालतात. म्हणजे जाऊबाईंनी प्रेमाने दिलेले पेढे बेकायदेशीर आणि उत्तनचं सुकट कायदेशीर. पेढे विमानतळावर उभ्याउभ्या संपवले. सुकट रोमच्या कस्टममधून राजरोस गेलं.

रोममध्ये ह्यांचा चर्चगेटी जोर अजून उतरला नव्हता. व्हॅटिकनच्या संग्रहालयात लोक माना वर करून छत बघत होते आणि हे बाहेर पडायचा दरवाजा. पण सेंट पीटरच्या चौकात मात्र थबकले. तिथे फरशीवर एक पांढरी पट्टी आहे. पट्टीच्या अलीकडे इटली, पलीकडे व्हॅटिकन, जगातला सगळ्यात छोटा देश. ह्यांनी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवला आणि माझ्याकडे जिंकल्यासारखं बघितलं. "दोन," म्हणाले.

व्हेनिसने माझी बाजू घेतली. तिथे 2024 च्या एप्रिलपासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, सकाळी येऊन संध्याकाळी पळणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो घेतात. पुढच्या वर्षी आयत्या वेळी ठरवणाऱ्यांना ते दहा झाले. रात्री मुक्कामाला राहणाऱ्याला हे शुल्क माफ. घाईवर कर लावणारी नगरपालिका मी पहिल्यांदाच पाहिली आणि तिच्याविषयी मला एकदम आदर वाटला. दिवसभर त्या गल्ल्यांत माणसाला माणूस घासतो. संध्याकाळी पाहुण्यांचे तांडे गेले की गाव त्याच्या त्याच्या माणसांना परत मिळतं. आम्ही कालव्याच्या काठाला बसलो होतो. बोट बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने दोराला जी गाठ मारली ती बघून हे म्हणाले, "ही आपली उत्तनची गाठ." मला गाठीतलं कळत नाही. पण एका दोराकडे एवढा वेळ बघत बसलेले हे मी पहिल्यांदाच बघत होते.

व्हेनिस ते व्हिएन्ना थेट गाडीने सात-आठ तास. हा प्रवास वेळापत्रकात वाया गेलेला वाटतो आणि खरं तर तोच विश्रांतीचा दिवस असतो. बॅगा वर टाकल्या की कोणी काही बघायला लावत नाही. या मार्गावर सेमरिंगचा घाट लागतो. डोंगरातून रूळ नेणारा तो मार्ग 1854 मध्ये सुरू झाला, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पुढच्याच वर्षी, आणि त्याचा शिल्पकार कार्ल फॉन गेगा हा जन्माने व्हेनिसचाच. ही सगळी माहिती ह्यांनी मला दारात उभं राहून सांगितली. व्हिएन्ना यायला अजून तासभर होता. पण सवय. डब्यातली एक बाई काळजीने विचारून गेली, तब्येत बरी आहे ना?

व्हिएन्नाला शनिवारी संध्याकाळी पोचलो आणि रविवारी दुकानं बंद असतात हे रविवारी कळलं. मोठ्या स्टेशनातली तेवढी उघडी असतात. दूध आणायला स्टेशनवर जायचं म्हटल्यावर ह्यांना इतका आनंद झाला की दोनदा जाऊन आले. तिथल्या मेट्रोला आत जाताना अडवणारं फाटक नाही, आपलं तिकीट आपण छापून घ्यायचं आणि आत जायचं. काळा कोट कुठे दिसेना तेव्हा हेच अस्वस्थ झाले. तिकीट दाखवायला कोणीच नाही म्हणजे पैसे फुकट गेल्यासारखं वाटत होतं. आमच्याकडे मेट्रो म्हटलं की आधी कारशेड आठवते. राई, मुर्धा, मोर्वा भागात ती येणार होती, गावांनी विरोध केला, मग ती डोंगरीकडे सरकली. इथे जमिनीखालून मेट्रो जाते आणि वर लोक ट्युलिपना पाणी घालतात.

भाड्याच्या घरात स्वयंपाकघर होतं, म्हणून मी सुकट भाजलं. त्या वासाचं वर्णन मुर्ध्याच्या वाचकाला नको आणि व्हिएन्नाच्या शेजाऱ्यांना सांगायची गरज पडली नाही. समोरचं दार उघडलं, बंद झालं, मग खिडक्या उघडल्या. शेजारी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आमच्याबरोबर कोणी आलं नाही.

व्हिएन्नाचं कॉफीहाउस ही बसायची जागा आहे. कॉफीबरोबर चकचकीत ताटलीत पाण्याचा पेला येतो आणि मग तुम्ही पेपर वाचा, पत्र लिहा, भिंतीकडे बघा, कोणी उठवत नाही. मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे गिऱ्हाइकाला घालवणं, असं तिथे मानतात. या बसण्याला ऑस्ट्रियाने 2011 मध्ये आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं आहे. आम्हाला हॉटेलात खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असण्याची सवय. ह्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग हळूहळू पाठ टेकली.

आणि तिथेच एक अडचण लक्षात आली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी आम्ही समोरासमोर बसलोच नव्हतो. हे पहाटे जायचे आणि दिवेलागणीनंतर यायचे. रविवारी लग्नं, बारशी, नाहीतर झोप. भाईंदरच्या निम्म्या संसारांची हीच कथा. सकाळच्या न्याहारीपासून रात्रीच्या औषधापर्यंत एकमेकांच्या नजरेसमोर राहायची तालीम आम्हाला नव्हती. दुपारच्या जेवणानंतर विषय संपायचे. तहातलं वेगळ्या दुपारीचं कलम मी पायांसाठी घातलं होतं, उपयोगी पडलं तोंडांना. हे ट्रामने कुठे कुठे जायचे, मी बागेत बसायची, आणि संध्याकाळी सांगण्यासारखं दोघांकडे काहीतरी असायचं. जोडप्याने लांबच्या सहलीला निघताना विमा काढावा तशी ही दुपारही काढून ठेवावी, असं माझं मत झालं आहे.

साल्झबर्गची श्रीमंती मिठाची. तिथून रेल्वेने थोड्याच मिनिटांवर हालाइन, आणि वर डोंगरात ड्युर्नबर्गची खाण. केल्टिक लोकांच्या काळापासून तिथे मीठ काढायचे. काम 1989 मध्ये थांबलं, पाहुणे मात्र येतच राहिले. आत जाण्याआधी सगळ्यांना पांढरे सदरे-लेंगे चढवायला देतात. वीस-पंचवीस देशी-विदेशी माणसं त्या वेषात रांगेने उभी राहिली ती एकजात भजनी मंडळ दिसत होती. टाळ तेवढे नव्हते. छोट्या गाडीवर तंगड्या टाकून बोगद्यात जायचं, मग लाकडी घसरगुंडीवरून खाली. घसरगुंडीवर एकामागे एक चिकटून बसायचं असतं. मी ह्यांच्या मागे. चारचौघांत ह्यांच्या कमरेला हात घालायची वेळ आयुष्यात प्रथमच आली, तीही जमिनीखाली. माझे सासरे मिठागरावर राबले आणि त्यांचा मुलगा युरो मोजून मीठ बघायला आला, हे त्यांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार करेपर्यंत आम्ही खाली पोचलो होतो.

खाली वाटाड्याने समजावलं की डोंगरात पाणी सोडायचे, खडकातलं मीठ त्यात उतरायचं आणि ते खारं पाणी बाहेर नेऊन आटवायचे. ह्यांना राहवेना. म्हणाले, "माझे वडीलही मिठातच होते." तो खूश झाला. "अरे वा! किती खोल?"

हे म्हणाले, "घोट्याएवढं."

पुढे बोगद्यात एक सरहद्द लागते. डोंगर ऑस्ट्रियाचा, पण खाण पोटातून बव्हेरियात शिरते. पासपोर्ट नाही, शिक्का नाही, भिंतीवर पाटी फक्त. हे तिथे थांबले, मागची सगळी भजनी मंडळी थांबवली, आणि जर्मनीत दोन्ही पाय ठेवून मला म्हणाले, "बर्लिन नाही तर नाही."

प्रागबद्दल एवढंच सांगते की तिथल्या दगडी रस्त्यांवर बॅगेची चाकं आणि माझ्या टाचा एकाच दिवशी गेल्या. मधला सबंध दिवस आम्ही ट्रामच्या खिडकीतून गाव पाहिलं आणि ते आवडलं.

मुर्ध्याला परतल्यावर रिक्षातून उतरतो न उतरतो तोच प्रश्न आला. हे बोटांवर मोजत म्हणाले, "इटली, व्हॅटिकन, ऑस्ट्रिया, जर्मनी, झेक. पाच." गाव थोडं नाराज झालं, पण पास केलं.

आता पुढच्या वर्षी स्पेन. तह कायम आहे, तीन रात्रींचा नियमही कायम आहे, आणि ह्यांनी तो अक्षरशः पाळला आहे. मुक्काम एकाच गावात, माद्रिदला. तिथून जलद गाडीने टोलेडो अर्ध्या तासावर, सेगोविया अर्ध्या तासावर, क्वेन्का तासाभरावर, कोर्दोबा दोन तासांच्या आत. बॅग उचलायची नाही, रोज सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. हा माणूस सुट्टीतही पास काढून अपडाउन करणार आहे. वाचकांपैकी कोणी तिकडे जाऊन आलं असेल, तर आठवड्यातून एखादा दिवस तरी या गाड्या बंद असतात का, तेवढं कृपया कळवा. नसतील, तर हे उत्तर ह्यांच्या हाती पडू देऊ नका.