कंबर धरल्यास काय करावे : शहादेकरांसाठी मार्गदर्शन

फिजिओथेरपिस्टकडे थेट जाऊ नये. ते शहाद्याच्या रीतीला धरून नाही. कंबर धरली, मान आखडली किंवा गुडघा कुरकुरायला लागला, की आधी ठरलेल्या पायऱ्या चढायच्या असतात. गुडघ्यामुळे पायऱ्या चढता येत नसतील, तरी या चढायच्याच.

पहिली पायरी बाम. दुसरी, उसण भरली असेल तर पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कंबरेत हलकी लाथ घातली की उसण पळते, हे सर्वांना ठाऊक आहे. ही सेवा तो फुकट देतो, आणि उसण भरलेला माणूस त्याचा उधारी थकवणारा नातेवाईक असेल तर हौसेने देतो. पायाळू बाळं हल्ली बहुधा सिझेरियनने होतात, त्यामुळे पुढच्या पिढीला ही सोय मिळेल याची खात्री नाही. तिसरी पायरी आपल्याच तालुक्यातलं उनपदेव. तिथल्या गरम झऱ्याखाली कंबर धरायची आणि मोटरसायकलवर मागे बसून परतायचं. झऱ्याने दिलेलं रस्ता परत घेतो. चौथी हाडवैद्य. पाचवी सुरत किंवा नाशिक, आणि तिथे एमआरआय.

एमआरआयचा अहवाल हाती पडला की रुग्णाला समाजात प्रतिष्ठा येते. ‘एल फोर–एल फाइव्हची गादी सरकली’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीत म्हणून पाहा. वाढपी थांबून ऐकतो. त्या प्रतिष्ठेला धक्का लावण्याची इच्छा नाही, पण एक माहिती पोटात ठेवा. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांच्या मणक्यांतली गादी फुगलेलीच दिसते, आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे तुम्हाला अहवाल देणाऱ्याच्या मणक्याचा एमआरआय काढला, तर तोही रुग्ण निघू शकतो.

एवढं सगळं झाल्यावर, आणि दुखणं जुनं, मुरलेलं झाल्यावर, फिजिओथेरपिस्टकडे जावं.

तिथे बसलेल्या मॅडमना डॉक्टर म्हणावं की नाही, हा प्रश्न दिल्लीलाही पडला होता. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ साली त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पत्र काढलं, की यांनी नावामागे डॉक्टर लावू नये; आणि लगेच ते मागेही घेतलं. वाढदिवसाची भेट म्हणून ठीक. शहाद्यात हा वाद उद्भवत नाही. इथे इंजेक्शन देईल तो डॉक्टर, आणि मॅडम इंजेक्शन देत नाहीत म्हणून रुग्ण पहिल्या दिवशी थोडा नाराज असतो. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या बाईंना तो घरी ‘शेकवाल्या’ म्हणतो. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांना उभं करण्याच्या गरजेतून १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत केईएमला या शिक्षणाची आपल्या देशात सुरुवात झाली. शेक हा त्यातला फारच छोटा धडा.

कपडे सैल घाला. गुडघा दाखवायला गेलेला आणि घट्ट पँट गुडघ्याच्या वर जाईना म्हणून पोटरी दाखवून आलेला मनुष्य दुर्मिळ नाही. बायकांनी पडदा आणि सोबतीला घरची बाई हक्काने मागावी.

खरी तपासणी तुम्ही खुर्चीत बसण्याआधीच सुरू झालेली असते. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार गिऱ्हाईक जसं घोड्याचा रंग पाहण्याआधी त्याला चालवून पाहतं, तशा मॅडम तुम्ही दारातून आत येताना कोणता पाय आखडता घेता ते पाहतात. त्यामुळे नंतर आपल्या दुखण्याचं कितीही रंगवून वर्णन केलं, तरी भाव आधीच ठरलेला असतो.

मग त्या विचारतात, ‘आप्पा, दहापैकी किती दुखतं?’ हा प्रश्न आपल्याकडे चालत नाही. आप्पा म्हणतात, ‘मनी कंबर दुखी ऱ्हायनी.’ पुन्हा विचारलं तर म्हणतात, ‘लई.’ तिसऱ्यांदा विचारलं तर ‘सोळा आणे’. मॅडम कागदावर आठ लिहितात. तुम्ही एक आकडा सांगितलात तर बरं. पुढच्या आठवड्यात तो उतरला की चढला एवढंच त्यांना पाहायचं असतं. पहिल्या दिवशीच दहापैकी बारा सांगणाऱ्याची पुढे अडचण होते.

पुढचा प्रश्न, ‘काम काय करता?’ याला ‘काही विशेष नाही’ असं उत्तर देण्याची पद्धत आहे. सोळा लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन कपाशीच्या ओळीतून दिवसभर फिरणं हे विशेष नसतं. पपईचे क्रेट भरणं विशेष नसतं. वाकून कापूस वेचणं, मग घरी येऊन पाणी भरणं आणि चुलीपुढे उकिडवं बसणं, हे तर बायकांच्या बाबतीत कामातच धरलेलं नाही. कृपा करून इथे खोटा विनय सोडा. ‘विशेष नाही’ यातच बहुतेक वेळा रोग लिहिलेला असतो.

आता मशीन. रुग्ण ज्यासाठी येतो ते हेच. कंबरेला चार पट्ट्या लागतात, मुंग्या येतात, आणि मॅडम विचारतात, ‘वाढवू का?’ शहादेकर ‘वाढवा’ म्हणतो, कारण पैसे तेवढेच पडणार असतात. दुखणं त्या वेळापुरतं दबतं, छान वाटतं, डोळाही लागतो. पण झोपलेल्या माणसाचा स्नायू बळकट करणारं मशीन अजून निघालेलं नाही. तरी मशीन असलेला दवाखाना मोठा आणि नुसता व्यायाम सांगणारा लबाड, असं मोजमाप गावात पक्कं आहे.

पट्ट्या लागण्याआधी काही गोष्टी न विचारता सांगा, आणि इथे थट्टा बाजूला ठेवतो. छातीत पेसमेकर, अंगात सळई किंवा प्लेट, पोटात बाळ, जुनी शुगर : यांतलं काहीही लपवू नका. शुगरने बधिर झालेल्या पायाला शेक भाजतोय हे कळत नाही. आणि आपल्या सातपुड्याच्या भागात सिकलसेल आहे. घरात तो असेल आणि विशी-तिशीतलं पोर खुब्यात दुखतं म्हणून लंगडत असेल, तर त्याला वात म्हणून चोळत बसू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. सिकलसेलच्या माणसाला बर्फाचा शेकही नको. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर फिजिओकडे नंबर लावू नका, त्याच तासाला मोठं इस्पितळ गाठा.

मशीन संपलं की मॅडम एक कागद देतात. त्यावर काड्यांची माणसं काढलेली असतात. रीत अशी, की तो कागद एमआरआयच्या पिशवीत जपून ठेवावा आणि तिथून काढू नये. फारच टोचणी लागली आणि दुखणं गुडघ्याचं असेल, तर पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघा खाली दाबावा, मांडी घट्ट करावी आणि दहा अंक मोजावेत. हे दहा अंक सेकंदांचे असतात. एका दमात ‘एकदोनतीन’ म्हणून दहा गाठले तर मांडीला काही कळत नाही. असं दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, काही आठवडे. इतकं साधं, घामही न आणणारं काम औषध असेल यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बहुतेकांचा उपचार तिथेच संपतो.

दोन दिवस मशीन घेऊन बरं वाटलं की यायचं थांबवावं, तिसऱ्या दिवशी खताची गोणी उचलावी आणि चौथ्या दिवशी ‘फिजिओने काही फरक पडत नाही’ असं बसस्टँडवर जाहीर करावं, हाही रिवाज आहे. मॅडमना तो ठाऊक असतो. त्या रागावत नाहीत, फक्त पुन्हा तोच कागद देतात.

यातूनही तुम्ही बरे झालात, तर एक विनंती. लोक विचारतील, कुणाकडे गेला होता? तेव्हा ‘मॅडमचा हात चांगला आहे’ आणि ‘मशीन भारी आहे’ एवढंच सांगून थांबू नका. टॉवेल कुठे ठेवायचा आणि दहा कसे मोजायचे, तेही सांगा.