जिलेबीच्या रांगेतलं कलम १५

कुठल्याही बऱ्यापैकी गृहनिर्माण सोसायटीच्या फळ्यावर २६ जानेवारीचा कार्यक्रम वाचावा. सकाळी आठला ध्वजारोहण, साडेआठला अल्पोपाहार, दहाला श्री सत्यनारायणाची महापूजा, दुपारी तीर्थप्रसाद, चारला महिलांचं हळदीकुंकू, सहाला लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची, रात्री महाप्रसाद. ध्वजाला अर्धा तास, बाकीच्याला उरलेला दिवस. हा फळा पुढेमागे एखाद्या इतिहास संशोधकाच्या हाती लागला, तर १९५० साली भारतात इंग्रजी तारखेने येणारं एक नवं व्रत सुरू झालं, असा निष्कर्ष तो काढेल आणि त्याचं फारसं काही चुकणार नाही. व्रताला लागतं ते सगळं इथे आहे. पांढरीशुभ्र वस्त्रं आहेत, पूजा आहे, प्रसाद आहे, त्या दिवशी काय वर्ज्य याची यादी आहे आणि शेवटी जेवणावळही आहे. प्रजासत्ताक तेवढं कुठे ठेवलंय ते सापडत नाही. या सगळ्या थाटात प्रजासत्ताकाची रीत पाळणारा पदार्थ एकच उरला आहे आणि तो फळ्यावर कधीच नसतो. तो कोपऱ्यावरच्या हलवायाच्या कढईत असतो. त्याचं नाव जिलेबी.

आधी पूजेचं बघू. सत्यनारायणाला तिथी लागत नाही, म्हणून तो सुट्टीला सोयीचा पडतो. चाळी, सोसायट्या, रिक्षा स्टँड, मंडळं, सगळीकडे २६ जानेवारी ही त्याची ठरलेली तारीख होऊन बसली आहे. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा मोसम, त्यात ही तारीख बहुतेक वर्षी पडते, म्हणून तेही त्याच मांडवात उरकतं. यावर हमखास आक्षेप येतो की यात बिघडलं काय? सुट्टी आहे, माणसं घरी आहेत, मांडव घातलेलाच आहे, चार शेजारी एकत्र येतात. आक्षेप रास्त आहे. शेजारी एकत्र येणं ही वाईट गोष्ट नव्हेच आणि सव्वाच्या मापाचा शिरा वाईट लागतो, असं म्हणण्याइतकं कुणाचं तोंड कडू नसावं. पण मग कथेकडेही जरा कान द्यावा. साधुवाण्याची कलावती प्रसाद न घेता धावत सुटली, तर तिच्या नवऱ्याची नौका बुडाली. राज्यघटनेचं सगळं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. प्रसाद घेतला काय, न घेतला काय, कुणाचीही नौका बुडता कामा नये, यासाठी तर ती लिहिली. वर्गणी सगळ्यांकडून सारखी घ्यायची, पाटावर एक जोडपं बसवायचं आणि तिसऱ्या मजल्यावरचं वेगळ्या धर्माचं कुटुंब ‘येतात हो ते, अगदी आनंदाने येतात’ असं परस्पर सांगून मोकळं व्हायचं, हा २६ जानेवारीचा सोहळा म्हणायचा की तारखेचा गैरवापर, हे ज्याने त्याने ठरवावं. पूजेला वर्षात आणखी ३६४ दिवस मोकळे आहेत. प्रजासत्ताकाला हा एकच.

पूजा नको असणाऱ्या प्रगत सोसायट्यांत पाककला स्पर्धा असते. विषय अर्थातच तिरंगा. तिरंगी ढोकळा, तिरंगी सँडविच, तिरंगी पुलाव, वर गाजर, मध्ये भात किंवा पनीर, खाली पालक. या कलाकृतींत एक वस्तू मात्र नेमाने गळते, ती म्हणजे चोवीस आऱ्यांचं निळं चक्र. कारण सोपं आहे, स्वयंपाकघरात निळी भाजी नसते. देशभक्ती मंडईत जे मिळेल तेवढ्यातच बसवायची, असा हा हिशेब. पण चक्र गळलं की काय उरतं? तेच तीन पट्टे उभे केले की ढोकळा आयर्लंडचा किंवा आयव्हरी कोस्टचा होतो आणि आडव्या पट्ट्यांच्या मध्यावर शोभेला गाजराची चकती ठेवली की थेट आफ्रिकेतल्या नायजरचा. परीक्षक तो ढोकळा आनंदाने चाखतात, पहिला क्रमांक देतात आणि देश कुठला ते विचारत नाहीत. झेंडा खाणं हा अपमान नव्हे का, असा प्रश्न कुणी विचारलाच, तर त्याचं उत्तर न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. २०१३ च्या नाताळात कोइंबतूरला सहा फूट बाय पाच फुटांचा तिरंगी केक कापला गेला, प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने तो राष्ट्रीय मानचिन्हांचा अपमान नव्हे असं ठरवलं. निकाल शहाणपणाचा आहे. केक कापल्याने देश कापला जात नाही. पण त्याच न्यायाने ढोकळा रंगवल्याने देश घडतही नाही, हे उपसिद्धांत म्हणून जोडायला हरकत नसावी.

मग येते वर्ज्य पदार्थांची यादी. दारूची दुकानं बंद, ही जुनी रीत. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने चोवीस तास मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि गदारोळ झाला, तेव्हा हा निर्णय नवा नसून १९८८ पासूनचा आहे, असं सांगण्यात आलं. चूक जुनी असली की तिला परंपरा म्हणतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. आता एखादा अभ्यासू वाचक घटनेचं कलम ४७ काढून दाखवेल. मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं तिथे लिहिलेलं आहे. बरोबर. पण त्याच कलमाची सुरुवात लोकांचं पोषण आणि राहणीमान उंचावण्यापासून होते, हे वाचायला आपण विसरतो. शिवाय ते कलम वर्षभराचं आहे. ठरावीक दिवशी सोवळं नेसून इतर दिवशी त्याच दुकानांतून अबकारी महसूल मोजणं, याला व्रतच म्हणतात, धोरण नव्हे. आणि मांसाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण त्यात त्याग आहे. स्वातंत्र्य संयमाने मिळालं, मग त्या दिवशी थोडा संयम नको का? १५ ऑगस्ट १९४७ रोजी खुद्द महात्मा गांधी कलकत्त्याच्या बेलियाघाट्यात उपास करून सूत कातत होते. १९६५ साली धान्य टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडण्याची हाक दिली आणि लोकांनी ती पाळली. ही दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन्ही आक्षेपाच्याच विरोधात जातात. गांधींनी उपास स्वतः केला, शेजारच्या खाटकाच्या दुकानावर निरीक्षक धाडून नव्हे. शास्त्रींनी आवाहन केलं आणि त्याचा आरंभ स्वतःच्या घरापासून केला. स्वतःचं ताट बाजूला सारणं हा त्याग. दुसऱ्याचं ताट ओढणं याला मराठीत वेगळे शब्द आहेत, ते सदरात छापत नाहीत.

आता जिलेबी. कोल्हापुरात २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला चौकाचौकांत जिलेबीचे स्टॉल लागतात. मुंबई-ठाण्याकडे फाफड्यासोबत ती घ्यायला सकाळपासून रांगा लागतात. या दिवशी जिलेबीच का, याचा शासन निर्णय कुणी काढलेला नाही, हाच तिचा पहिला गुण. ती मोदकासारखी एका देवाची नाही, पुरणपोळीसारखी एका सणाची नाही. तिच्यासाठी पाट, मुहूर्त, सव्वाचं माप काही लागत नाही. फक्त रांग लागते. आणि रांग ही साधी गोष्ट नाही. राज्यघटनेचं कलम १५ सांगतं की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश नाकारता येणार नाही. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घटनाकारांनी दुकान आणि हॉटेल या शब्दांना मुद्दाम जागा दिली, विहिरी आणि तलावांनाही दिली, कारण १९२७ साली महाडला तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, हे त्यांना ठाऊक होतं. जिलेबीच्या रांगेत पुढचा कोण आणि मागचा कोण हे फक्त कोण आधी आलं यावर ठरतं. हलवाई आडनाव विचारत नाही, पाव की अर्धा किलो एवढंच विचारतो. ध्वजारोहणाच्या भाषणांत जे कलम कुणी वाचत नाही, ते सकाळी सात वाजता कढईपुढे न वाचता पाळलं जातं.

शेवटचा आक्षेप स्वदेशीवाल्यांचा. जिलेबी मुळात परकी, अरबी-फारसी ‘जलाबिया’ची लेक, तिला राष्ट्रीय दिनाचा मान कसा द्यावा? याला पुण्यातूनच उत्तर मिळालेलं आहे. भांडारकर संस्थेतले संशोधक प. कृ. गोडे यांनी जिलेबीचा माग थेट जुन्या संस्कृत ग्रंथांतून काढला. पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात ती ताटात वाढलेली आहे आणि सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने लिहिलेल्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथात तिची कृतीही आहे. म्हणजे आली बाहेरून, राहिली इथे, नाव किंचित बदललं, पाकात मुरली आणि नागरिक झाली. आपली राज्यघटनाही ठिकठिकाणची कलमं पारखून घेऊन इथल्या पाकात मुरवलेली आहे. तिला परकी म्हणणाऱ्याने जिलेबी सोडावी आणि जिलेबी सोडवत नसेल तर तो आक्षेप सोडावा. रांगेतल्या माणसाच्या मनात कलम १५ नसतं, फक्त भूक असते, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण समता मनात नसतानाही पायांनी पाळली जाते, तेव्हाच ती रुजली म्हणायचं. भाषणातली समता टाळ्यांबरोबर संपते.

तेव्हा यंदा सोसायटीच्या फळ्यात छोटीशी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. पूजा पुढच्या रविवारी, २६ जानेवारीला ध्वजारोहण, मग घटनेच्या एखाद्या कलमाचं वाचन आणि रांगेत उभं राहून जिलेबी. ठराव सर्वसाधारण सभेत मांडावा लागेल. गणसंख्या नेहमीप्रमाणे भरणार नाही, सभा अर्धा तास तहकूब होईल, मग आहेत तेवढ्यांत ‘जिलेबी घ्या, पण आधी देवापुढे ठेवा’ अशी उपसूचना मंजूर होईल. तोवर ती गार झालेली असेल.