जगात जर्मनी

आमच्या घरात ‘जर्मन’ या शब्दाचा पहिला अर्थ पातेलं असा होता. तांब्याचं ते देवाचं, पितळेचं ते पाहुण्यांचं आणि जर्मनचं ते रोजच्या दुधाचं. बुडाला पोचे, कड एका बाजूला वाकलेली, आणि पोटावर टिंबाटिंबांनी घातलेलं आजोबांचं नाव. आजीने हयातभर अ‍ॅल्युमिनियम हा शब्द उच्चारला नाही. त्यामुळे शाळेत पहिल्यांदा ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ऐकलं, तेव्हा मी त्याचा सरळ अर्थ लावला की ही भांडी जगात सगळीकडे मिळतात आणि भारतात ती आमच्या गावात घ्यावीत.

पुढे नकाशा कळला, पण वाक्य काही कळलं नाही. परभणीकर ते छाती काढून म्हणतो. पाहुण्याने ‘म्हणजे काय हो?’ विचारलं की चहा मागवतो. आमची दुसरी एक म्हण आहे, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. ती आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही. जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा रोख. या दोन्ही म्हणी ज्याला एकदम लागू पडतात असा एक इसम मला सापडला आहे. तो परभणीचा नाही, पण त्याला आता इलाज नाही.

त्याचं नाव गेबहार्ड लेबरेख्ट फॉन ब्ल्यूखर. जन्म 1742, गाव रोस्टोक. यातला ‘फॉन’ महत्त्वाचा. फॉन म्हणजे अमुक ठिकाणचा, आणि तिकडे ती खानदानी घराण्याची खूण. आपल्याकडे तेच काम ‘कर’ करतो आणि कुणाचंही करतो. जिंतूरकर, पाथरीकर, मानवतकर, गंगाखेडकर हे सगळे तसे फॉनच. जर्मनीत 1919 च्या राज्यघटनेने सरदारांचे विशेष हक्क काढून घेतले आणि पदव्या नुसत्या आडनावात ठेवल्या. निजामाच्या मुलखातल्या जहागिऱ्या 1949 साली गेल्या, जहागीरदार मागे राहिले. शाळेत माझ्या बाकावर एक जहागीरदार होता. वर्षभर त्याने माझ्या पेन्सिलीवर काढलं.

तर ब्ल्यूखर सोळाव्या वर्षी स्वीडनच्या घोडदळात शिरला. दोन वर्षांनी प्रशियाच्या स्वारांनी त्याला पकडलं, आणि ज्यांनी पकडलं त्यांच्याच पलटणीत तो अधिकारी झाला. पुढे दारू, जुगार आणि भांडणं यांत त्याचं बरं चाललं होतं. मग बढतीची वेळ आली आणि ती दुसऱ्याला मिळाली. ब्ल्यूखरने रागाने राजीनामा दिला. साल 1773. राजा होता फ्रेडरिक द ग्रेट. कप्तान ब्ल्यूखरने खुशाल मसणात जावं, अशा अर्थाचा शेरा त्याने मारला म्हणतात.

ब्ल्यूखर मसणात गेला नाही, शेतीवर गेला. हे वाचलं तेव्हा मला तो एकदम आपल्यातला वाटला. साहेबाशी वाजलं म्हणून नोकरीवर लाथ मारून गावाकडे आलेली माणसं मी पारावर, बांधावर, कृषी विद्यापीठाच्या गेटासमोरच्या टपरीवर इतकी पाहिली आहेत की त्यांचा चेहराच ठरून गेला आहे. बोलणं ज्वारीवर चाललेलं असतं, पण फाईल 1987 च्या बढतीची उघडलेली असते. ब्ल्यूखरची शेती चांगली पिकली, तरी तो सैन्यात परत घ्या म्हणून अर्ज करत राहिला. चौदा वर्षं. शेवटी फ्रेडरिक वारला, नवा राजा आला आणि 1787 मध्ये ब्ल्यूखर पुन्हा घोड्यावर बसला. नहीं तो परभणी, आणि परभणीहून परत!

इथे दुसरा जर्मन येतो. हा बिनफॉनचा. अँथनी पोलमन, हॅनोव्हरचा, इंग्रजांच्या बाजूने मद्रासकडे आलेल्या पलटणीतला साधा सार्जंट. तो शिंद्यांच्या चाकरीत शिरला आणि वाढत वाढत कवायती पायदळाचा सेनापती झाला. मायदेशात जन्माने जे मिळालं नव्हतं ते त्याने इथे थाटाने करून घेतलं. जनानखाना, जांभळ्या पोशाखातले मोगल अंगरक्षक, आणि फिरायचं ते हत्तीवरूनच.

23 सप्टेंबर 1803 ला हाच पोलमन असईच्या रणांगणावर उभा होता. परभणीहून असईला जायचं तर रेल्वेने जालना आणि पुढे भोकरदनची एसटी. वाटेत सेलू गेलं की परतूर लागतं. ते 1981 पर्यंत आमच्या जिल्ह्यात होतं. 1999 साली हिंगोलीही गेली. बिस्मार्कने तुकडे जोडून देश केला, आम्ही एकाच जिल्ह्याचे तुकडे वाटून दिले. जगात जर्मनी म्हणताना एवढा भाग वगळावा.

समोर होता इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. त्याला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे उतार नाही म्हणत होते. त्याला दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसली. इतकी जवळची गावं पाण्यातून ये-जा केल्याशिवाय राहतील कशी, असं म्हणून त्याने फौज पाण्यात घातली, आणि उतार होता. आमच्याकडच्या कुठल्याही आजीने हे सोयरिकीच्या हिशेबाने सांगितलं असतं. पण पोलमनही कच्चा नव्हता. इंग्रज बगलेवर येतोय दिसताच त्याने आपली अख्खी फळी काटकोनात फिरवली. वेलस्लीची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्याच्या अंगाखाली दोन घोडी पडली. जिंकला तोच, पण आपण लढाईत केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितलं.

वॉटर्लूला श्रेयात वाटेकरी होता, आणि तो म्हणजे ब्ल्यूखर. 16 जून 1815 ला, बहात्तराव्या वर्षी, लिन्यीच्या लढाईत हा मेलेल्या घोड्याखाली सापडला आणि फ्रेंच स्वार त्याच्यावरून गेले. मग म्हणे लसूण, रेवाचिनी आणि दारू असा औषधोपचार झाला. इंग्रज अधिकारी भेटायला गेला तेव्हा म्हाताऱ्याने आधीच सांगून टाकलं की अंगाला जरा वास येतोय. दोन दिवसांनी तो पुन्हा घोड्यावर होता, आणि त्याची फौज दुपार कलताना वॉटर्लूला पोचली नसती तर वेलस्लीचं, म्हणजे तोवर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या साहेबांचं, कठीण होतं.

आता हत्ती. वेलिंग्टननेच पुढे सांगून ठेवलं आहे की ब्ल्यूखरला अधूनमधून भ्रम होत, आणि एकदा त्याने अगदी गंभीरपणे कळवलं की आपल्याला दिवस गेले आहेत आणि पोटात हत्ती आहे. बाप कोण, तर एक फ्रेंच शिपाई. साहेबाने ऐकताना चेहरा कसा ठेवला असेल याचं मला राहून राहून नवल वाटतं. बारा वर्षांपूर्वी असईला त्याने हत्तीवरचा जर्मन हरवला होता. आता हत्ती आत असलेला जर्मन त्याला तारून वर हे सांगत होता. दोघांत कुठला जर्मन जगातला आणि कुठला परभणीतला, हे मी पाहुण्यांना विचारतो. ते चहा पितात.

असईची लढाई केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झाली. केळणा पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णा जिंतूर तालुक्यात येलदरीला अडते. आमच्या नळाला येतं ते पूर्णेचंच पाणी. आलं की बायको आधी हाक मारते, “अहो, ते जर्मन घ्या!” आता त्यात दूध तापवत नाहीत, नातवंडांना ते चालत नाही. पाण्याला मात्र पोचे चालतात.