आधी जागा, मग गाडी

जपानमध्ये गाडी घ्यायची गरजच नाही, असं मी पहिलं वर्षभर ज्याला त्याला ऐकवत होतो. "इथल्या ट्रेन बघा की!" हे वाक्य टोकियोत राहणाऱ्याला शोभतं. आम्ही राहत होतो त्सुकुबाला. संशोधन संस्थांचं गाव. रस्ते रुंद आणि कुठलीही गोष्ट कुठल्याही गोष्टीपासून लांब. त्सुकुबा एक्सप्रेस आकिहाबाराहून 45 मिनिटांत आणून सोडते, पण पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. हिवाळ्यात डोंगरावरून असा वारा सुटतो की लोकांनी त्याला त्सुकुबा-ओरोशी असं नाव देऊन ठेवलंय. जानेवारीतल्या एका संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला तांदळाचं पोतं बांधून, त्या वाऱ्याशी भांडत मी घरी पोचलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तत्त्वं पुरे झाली. गाडी बघा."

गाडीच्या आधी लायसन्स. भारतातून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना इथे एक वर्ष चालतो, आणि ते वर्ष मी तत्त्वांत घालवलेलं. काही देशांच्या लोकांना जपान गाडी चालवायची परीक्षा न घेता लायसन्स बदलून देतं. त्या यादीत भारत नाही. याचं मला वाईट वाटलं नाही, हसू आलं. दोन्हीकडे गाड्या डाव्या बाजूनं चालतात, दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे. गणपतीच्या आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवरून गाडी बाहेर काढलेला माणूस मी. रिकाम्या मैदानात माझी कसली परीक्षा घेणार?

परीक्षक शेजारी बसले. हातात पॅड, चेहऱ्यावर काही नाही. मी एका हातानं झोकात डावं वळण घेतलं, 'एस'सारख्या चिंचोळ्या रस्त्यातून कुठेही चाक न चढवता बाहेर आलो आणि शाबासकीच्या तयारीनं गाडी थांबवली. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "तुम्ही बघत नाही."

"बघितलं की! आरशात बघितलं."

"मान वळली नाही."

डावीकडे वळण्याआधी आरसा बघायचा, मग मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, कारण तिथे सायकलवाला असू शकतो. त्या मैदानात सायकलवाला सोडाच, कबुतरही नव्हतं. पण डोळ्यांनी बघितलेलं परीक्षकाला दिसत नाही, मान दिसते. शिवाय गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती फिरून, वाकून खाली बघायचं. मी वाकलो नव्हतो. आणि वळणावर माझा तळवा आपोआप हॉर्नकडे सरकला होता, तेही त्यांनी टिपलं होतं. इथे हॉर्न पाटी असेल तिथे किंवा धोका टाळायलाच वाजवायचा. 'मी येतोय' एवढं कळवायला नाही.

पुढच्या काही आठवड्यांत मी जेवणाच्या खुर्चीवर बसून हातात ताट धरून सराव केला. मानेला अशी सवय लागली की ऑफिसात मी प्रिंटरकडे वळतानाही आधी खांद्यावरून मागे बघायचो. शेवटी एकदाचा पास झालो. बायको पहिल्याच खेपेला झाली. पुण्यात तिला गाडी मी शिकवली होती, आणि "सारखं मागे काय बघतेस, पुढे बघ!" हे माझंच वाक्य तिनं घरी येताना बसमध्ये मला ऐकवलं.

आता गाडी. शोरूममध्ये एक चंदेरी सेडान मनात भरली. तिचे फोटो बाबांना पाठवले, नातेवाइकांच्या ग्रुपवर 'लवकरच' असं लिहूनही टाकलं. विक्रेत्यानं विचारलं, "गाडी ठेवणार कुठे?"

"दारात."

तो पुढचं ऐकायला थांबला. माझ्याकडे पुढचं काही नव्हतं. आपल्याकडे आधी गाडी येते, मग जागेवरून भांडण. इथे 1962 चा कायदा आहे: घरापासून 2 किलोमीटरच्या आत जागा दाखवा, जागामालकाची संमती आणा, मापांसकट नकाशा काढून पोलीस ठाण्यात द्या. गाडी त्या जागेत मावते हे सिद्ध झालं तर दाखला, आणि दाखला असेल तर गाडी.

मी टेप घेऊन आमच्या पार्किंगमध्ये उतरलो. एक टोक दगडाखाली दाबलं, दुसरं धरायला जमिनीवर जवळजवळ आडवा झालो. शेजारच्या आजी बाहेर आल्या. माझं काहीतरी हरवलंय असं समजून त्याही ओणव्या होऊन शोधायला लागल्या. काय हरवलंय हे त्यांनी विचारलं नाही आणि मला जपानीत सांगता येईना. बराच वेळ आम्ही दोघं शोधत होतो.

जागा भरली 4.5 मीटर, सेडान 4.7. पुण्यात वीस सेंटीमीटरला कोण विचारतो? बोनेट थोडं रस्त्यावर येईल एवढंच, असं मी विक्रेत्याला समजावलं. त्यानं दातांच्या फटीतून हवा आत ओढली. हा आवाज ज्यानं जपानमध्ये ऐकलाय, त्याला पुढचं उत्तर सांगावं लागत नाही.

मग त्यानं मला पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्यांकडे नेलं. या 'केई' गाड्या: लांबी जास्तीत जास्त 3.4 मीटर, रुंदी 1.48, इंजिन 660 सीसीपर्यंत, कर कमी. मोठ्या गाडीच्या नोंदणीला लागतो म्हणून मी आडनावाचा शिक्का कोरून नगरपालिकेत नोंदवून ठेवला होता. छोट्या गाडीला तो लागतच नाही. वाया जाऊ नये म्हणून मी तो कुरिअरच्या पावत्यांवर मारायला लागलो. जो शिक्का घर-जमिनीच्या कागदांसाठी कडीकुलुपात ठेवायचा, तो मी संत्र्यांच्या खोक्यावर मारतोय हे पाहून ऑफिसातला सहकारी पांढराफटक पडला.

रांगेत माझ्या जागेत, माझ्या खिशात आणि बायकोच्या मनात बसणारी एकच गाडी होती. वॅगन आर. 1993 पासून जपानात धावणारी, तिथूनच मोठं इंजिन लावून आपल्याकडे आलेली. बिलात गाडी भंगारात काढायचा खर्चही आगाऊ लावलेला होता. बारशालाच तेराव्याचे पैसे! पण कायदा आहे, भरले.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी बायकोनं पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. विक्रेत्यानं लगबगीनं ते उचललं, रुमालानं पुसलं आणि दोन्ही हातांनी तिला परत केलं. तिनं पुन्हा ठेवलं. त्यानं पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असावा, कारण तो मागे सरकून उभा राहिला आणि आतून आणखी दोघांना बोलावून आणलं. लिंबू फुटलं तेव्हा तिघांनी वाकून नमस्कार केला. मग एकानं फडकं आणून टायर स्वच्छ पुसला.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी सगळीकडून दाखवली. ते बराच वेळ चष्मा वर-खाली करत राहिले.

"अरे, ही तर वॅगन आर."

"हो बाबा."

"समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी त्यांची विकायला काढलीय. आधी सांगायचंस."