तुपाची तस्करी

जर्मनीत शिकायला येणाऱ्या परदेशी मुलाकडून तिथलं सरकार आधी ऐपतीचा पुरावा मागतं: वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवा, महिन्याला ९९२ सोडू. आईला हा हिशेब मुळीच पटत नाही. तिच्या मते पोरगं जगतं ते मेतकूट, गोडा मसाला आणि घरच्या साजूक तुपावर. पण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणायची बंदी. मग सात पिढ्यांत सिग्नल न तोडलेलं घराणं मोज्यांत तुपाची बरणी गुंडाळतं! मध दोन किलोपर्यंत चालतो म्हणे. पण वरणभातावर मध ओतायचा का?

तिथे शेजारी संध्याकाळी थंड पाव आणि चीज खाऊन तृप्त होतो. इकडे चिरंजीव हिंगाची फोडणी देतात आणि धुराचा अलार्म सगळ्या मजल्याला जेवायला बोलावतो. रविवारी दुकानं बंद, वर शांतता पाळायची. दाण्याच्या कुटासाठी मिक्सर फिरला की दारावर टकटक.

सुट्टीत घरी आल्यावर हेच चिरंजीव स्वावलंबनावर आईला तासभर व्याख्यान देतात. जेवता जेवता. मग ताट तिथेच ठेवून उठतात.