काचेतली अंबाडी

ॲमस्टरडॅमला गेलेले लोक ट्यूलिपचे फोटो पाठवतात. आमच्या फोटोंत गांजा आहे. याला कारण आमचे व्याही. ते शिरपूर तालुक्यातले, पक्के कापूसवाले. "फुलं काय बघायची? शेतीचं काही दाखवा," असा त्यांचा हट्ट. मग त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या जावयाने, आम्हाला 'हॅश, मारिजुआना अँड हेम्प म्युझियम'च्या दारात सोडलं आणि 'पार्किंगचं बघतो' म्हणून तो सटकला. वस्ती लाल दिव्यांची. दोन व्याह्यांनी एकमेकांकडे न बघता चालावं, अशी.

तिकीट युरोत. व्याह्यांनी मनातल्या मनात कापसाच्या भावाने हिशेब केला आणि तोंड पाडलं.

आत जुने दोरखंड, भांगेच्या धाग्याचं कापड, चिलमी, औषधाच्या बाटल्या. असल्याच दोरांवर आणि शिडांवर डचांची जहाजं सुरतेला आली होती, असं मी सांगत होतो. व्याह्यांचं लक्ष नव्हतं. ते एका काचेला नाक लावून उभे होते. आत दिव्यांच्या झगझगाटात कुंड्यांतून झाडं वाढवलेली. पंजासारखी पानं, कडा करवतलेल्या.

"हाई ते आंबाडी शे, इव्हाई! आंबाडी दखाडाले लई उनात का माले?"

आता यात त्यांचं काय चुकलं? पानं इतकी सारखी की वनस्पतिशास्त्रज्ञांनी अंबाडीच्या नावालाही 'कॅनाबिनस' जोडून दिलंय. फरक एवढाच, की अंबाडीत ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी घातली की कळण्याच्या भाकरीबरोबर ती खाता येते, आणि पोलीस येत नाहीत.

मी खरं काय ते कानात सांगितलं. व्याही दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. शिरपूर तालुक्यातल्या माणसाचं ते साहजिक आहे. सातपुड्याच्या पायथ्याला तुरीत, कपाशीत हे आंतरपीक सापडल्याच्या बातम्या आपल्याकडे नव्या नाहीत. मग पंच येतात, झाडं मुळासकट उपटली जातात, वजनकाटा लागतो, पंचनामा होतो. पुढे कोर्टात आरोपीचा वकील विचारतो, साहेब, कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोऱ्याचे शेंडे. तुम्ही दांडे आणि पानंही कशी मोजलीत?

गंमत म्हणजे हे म्युझियम 1985 सालचं, आणि आपला एनडीपीएस कायदाही 1985 चाच! त्या कायद्याने शेंड्याला धरलं, नुसत्या पानाला सोडलं. म्हणून उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. आपल्याकडे मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आधीच टपून बसलेला. केंद्राने सोडलेलं पान राज्याने परवान्यात अडकवलं.

इंग्रज याबाबतीत जास्त व्यवहारी होते. गांज्याने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं भरताहेत, अशी विलायतेत ओरड झाली, तेव्हा 1893 साली त्यांनी आयोग नेमला. त्याने 1,193 साक्षी नोंदवल्या आणि निकाल दिला, की बेताने ओढणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, बंदी नको, कर लावा. रावेर-बऱ्हाणपूर ओलांडलं की खंडवा. तिथे तेव्हा हे पीक सरकारी परवान्यावर निघत असे. महसूल येत असला की वेडाचं प्रमाणही आटोक्यात राहतं.

व्याह्यांचा धीर हळूहळू चेपला. बाहेर पडताना ते म्हणाले, हे लोक झाड काचेत ठेवून तिकीट लावतात. आपल्या गावालाही असं काही काढता येईल की!

विचार वाईट नाही, पण शिरपूर-चोपड्याकडे आणखी कुणाच्या डोक्यात तो आला असेल तर सांगून ठेवतो: एनडीपीएस, कलम 20. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तिकीट लावलं तरी.